गोळी एक, रक्त वेगळं

मी रायपूरहून बोलतोय. आजचा विषय अनेकांच्या घरी औषधाच्या डब्यात आहे: रक्त पातळ करणारी गोळी. खरं तर ती रक्त पातळ करत नाही, गुठळी होऊ देत नाही. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा स्टेंट टाकलेल्यांना ती लागतेच. कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. आणि एकाला पुरणारा डोस दुसऱ्याला कमी पडतो, तिसऱ्याला जड जातो. कोणाला ती नीट लागू पडणार नाही, हे आधी ओळखता येईल का? या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात गोठ्यात झाली. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या गुरांना साधी जखम झाली तरी रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यकाने कारण शोधलं: बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोहोचला. १९३९ मध्ये लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातलं द्रव्य हाती आलं. त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये बाजारात आलं, तेही उंदरांचं विष म्हणून! १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एकाने जीव देण्यासाठी ते खाल्लं. व्हिटॅमिन के देऊन त्याला वाचवलं. विषाला उतारा आहे म्हटल्यावर डॉक्टरांचा धीर वाढला. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं.

पण डोस किती द्यायचा? दोन माणसांच्या गरजेत दहापटीचा फरक पडू शकतो. म्हणून आधी गोळी द्यायची, मग रक्त तपासायचं, मग डोस बदलायचा, अशी रीत पडली. प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा वेगळा येई, म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे सर्वांसाठी एकच माप ठरवलं. आपल्याकडे वॉर्फरिनसोबत त्याचंच भावंड असलेलं असेनोकुमरॉलही दिलं जातं. त्यालाही हेच माप लागतं.

आता हे माप छत्तीसगढात आणून बघा. रायपूरचं मेडिकल कॉलेज १९६३ चं. त्याच्या रुग्णालयाला सगळे ‘मेकाहारा’ म्हणतात. २०१२ मध्ये एम्स सुरू झालं. पण बस्तर किंवा सरगुजाहून येणाऱ्याला आयएनआरची एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि बसचं भाडं. शहरातला माणूस चुकत-सुधारत डोस शोधू शकतो. गावातल्याची एक खेप चुकली की ती जिवावर बेतू शकते. त्याच्यासाठी आधी ओळखणं ही चैन नाही.

त्यात आपलं ताट. छत्तीसगढात छत्तीस भाज्या असं अभिमानाने म्हणतात: लाल भाजी, चेच, मुनगा, तिवरा. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ही गोळी त्याच्याच कामात अडथळा आणते. भाजी बंद करायची गरज नसते. प्रमाण एकसारखं ठेवायचं असतं. एक महिना भरपूर आणि पुढचा महिना काहीच नाही, असं झालं की आकडा हलतो.

दुसरं कारण शरीराच्या आत आहे. २००४ मध्ये या गोळीचं नेमकं लक्ष्य असलेलं जनुक सापडलं. वाटलं, आता जनुक तपासून डोस आधीच सांगता येईल. २०१३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. युरोपात फायदा दिसला, अमेरिकेत दिसला नाही. उलट कृष्णवर्णीय रुग्णांत जनुकावरून ठरवलेला डोस जास्त चुकला. त्यांच्यात आढळणारे काही जनुकभेद तपासणीच्या यादीतच नव्हते.

स्टेंटनंतरच्या क्लोपिडोग्रेलची गोष्ट याहून जवळची. ती गोळी यकृतात गेल्यावरच कामाला लागते. ते काम करणारं जनुक ज्यांच्यात मंद आहे, त्यांना ती पुरेशी लागू पडत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा आला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने पक्षाघातानंतर ही गोळी देण्याआधी जनुक तपासण्याची शिफारस केली. आणि असं मंद जनुक दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतं.

या इतिहासातून मी एकच गोष्ट घेतो: भाकीत तेवढंच खरं, जेवढी त्यामागची यादी आपली. गोंड, हलबा, साहू, मराठी, सगळ्यांचं रक्त मोजल्याशिवाय रायपूरसाठी यादी बनणार नाही. ती बनेपर्यंत आयएनआरची तपासणी चुकवू नका. दुसरं कोणतंही औषध किंवा जडीबुटी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर जनुक तपासणीबद्दल विचारा. आणि गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.