पुराची रेघ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. ऋषींचे एक वेळ सोडून देऊ. परंतु ज्याला नदीकाठी घर घ्यायचे आहे, त्याने नदीचे मूळ शोधले नाही तरी चालेल, तिच्या पुराची रेघ मात्र शोधलीच पाहिजे. ही रेघ कागदावर उमटण्याच्या किती तरी आधी आपल्या लोकांनी ती दगडावर, पायऱ्यांवर आणि देवळांच्या उंबरठ्यांवर ओढून ठेवली होती.

नाशिकचेच पाहा. गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना पाण्याचे माप फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, एवढे म्हटले की सराफबाजारातला दुकानदार काय ते समजतो आणि माल वर हलवू लागतो. त्याहून मोठ्या पुराचे माप म्हणजे नारोशंकराच्या देवळावरची घंटा. पाणी घंटेला लागले म्हणजे पूर अस्सल, असा तिथला हिशेब. २०१९ च्या ऑगस्टात मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा पूर केवढा आहे हे कोणालाही निराळे समजावून सांगावे लागले नाही.

नरसोबाच्या वाडीला तर पुराशी याहून जवळचे नाते जोडलेले आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरच्या या दत्तस्थानी पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी एका दाराने गाभाऱ्यात शिरते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला लोक दुरून येतात. या सोहळ्यात श्रद्धा आहेच, पण शहाणपणही आहे. जिथे नदी येणार हे ठाऊक आहे, तिथे तिला वाट ठेवायची आणि आपण वर सरकायचे. दगडी देऊळ पाण्यात उभे राहू शकते. मातीच्या भिंतीचे घर राहू शकत नाही.

म्हणून जुन्या गावांतून नदीच्या अगदी लगत घाट, देवळे, स्मशान आणि मळे असत. गावठाण त्याहून उंचावर असे. पण हे चित्र फार गोड करून सांगण्यातही अर्थ नाही. उंचवट्यावरची जागा ज्यांना मिळाली ते पुरातून सुटले; ज्यांना ती मिळू दिली नाही, त्यांच्या झोपड्या खालीच राहिल्या. मातीसाठी आणि पाण्यासाठी कुंभार व परीट नदीजवळ राहत, आणि पुराचा पहिला घाव त्यांच्यावर बसे. पाण्यालगतची जागा ही शेकडो वर्षे गरिबाची जागा होती. ती श्रीमंतीची खूण झाली ती अगदी अलीकडे, गॅलरीतून नदी दिसते म्हणून चौरस फुटामागे जास्त पैसे मोजण्याची रीत पडली तेव्हा.

या दोन काळांच्या मध्ये १२ जुलै १९६१ हा दिवस उभा आहे. त्या सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे नवे मातीचे धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले. १८७९ साली पुरे झालेल्या त्या जुन्या दगडी धरणालाही हा भार सोसला नाही आणि दुपारी तेही फुटले. मुठेचे पाणी पुण्याच्या पुलांवरून गेले. नारायण, शनिवार, कसबा या पेठांच्या नदीकडच्या भागांत आणि पलीकडे डेक्कन जिमखान्यावर घरे बुडाली. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती भिजल्या आणि खाली बसल्या. शनिवार पेठेच्या काठावर १७३० नंतरच्या दशकात बांधलेले ओंकारेश्वराचे देऊळ मात्र टिकले. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती नदीपासून दूर वसल्या. शहराने उंचावर सरकण्याचा धडा गिरवला. पण वर्ग सुटताच मुले पाठ विसरतात तशातलीच गत झाली. काठ पुन्हा भरत गेला.

धरण फुटणे हा अपघात होता, तो रोज घडत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कोणतेही धरण फुटले नव्हते. पाऊस जोराचा झाला, खडकवासल्यातून पाणी सोडावे लागले, आणि नदी आपल्या जुन्या जागेवर आली, इतकेच. २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने सुमारे ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरली आहे.

सरकारी नकाशांवर आता दोन रेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. इथे पुष्कळांची फसगत होते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ परवा पूर येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दर वर्षी शंभरात एक, एवढी ती शक्यता. तीस वर्षे त्या रेषेवर राहणाऱ्याला तो पूर गाठण्याची शक्यता शंभरात २६ होते. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षे काढली तर ती ६४ वर जाते. निम्म्याहून जास्त! एवढ्या बोलीवर कोणता शहाणा माणूस आयुष्याची पुंजी लावील?

तेव्हा घर पाहायला जाताना खिडकीतून दिसणारे पाणी शेवटी पाहावे. आधी विकास आराखड्याच्या नकाशावर या दोन रेषा कुठे आहेत ते पाहावे. जमीन मुळातली आहे की भराव टाकून उंच केलेली, हे विचारावे; भरावाने पाणी आटत नाही, ते शेजाऱ्याच्या दारात जाते. मागून ओढा येतो का, पुराच्या दिवशी गटारातून पाणी उलटे येते का, घर कोरडे राहिले तरी बाहेर पडायचा रस्ता कोरडा राहतो का, हे पाहावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यालाही दूध, औषध आणि दवाखाना खालच्या रस्त्यानेच गाठावा लागतो. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या आळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारावे, ‘आजी, पाणी कुठवर आले होते हो?’ ती भिंतीकडे बोट दाखवील. विकणारा जे सांगतो त्याला किंमत असते. आजी दाखवते त्याला मोल असते.

नदी कोणाचे वैर धरत नाही. तिचे पात्र म्हणजे उन्हाळ्यात दिसते तेवढीच धार नव्हे. पावसाळ्यात ती जेवढी पसरते, तेवढे सारे तिचेच. आपण मार्चमध्ये जागा पाहतो, एप्रिलमध्ये सौदा करतो आणि नदी जुलैत घरी येते.