रिजवरील वेडी बाभूळ आणि पायथ्याचे पाणी

करोल बाग व झंडेवालान यांच्या दरम्यान मेट्रोमार्गालगत उभी असलेली हनुमानाची भव्य मूर्ती सर्व दिल्लीकरांच्या परिचयाची आहे. तिच्या मागे रिजच्या झाडीत भूली भटियारी का महल ही तुघलककालीन शिकारगाह आहे. तेथे एक जुना बांधही होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. खडकाळ टेकडीवर पडलेले पाणी वेगाने खाली येते, तेव्हा ते वरच अडवावे, हे चौदाव्या शतकातील प्रशासनास उमगले होते.

इंग्रजांचा हेतू निराळा होता. नव्या राजधानीस हिरवी पार्श्वभूमी हवी, म्हणून 1913 मध्ये रिजचा काही भाग राखीव वन ठरला. उथळ मातीत देशी रोपे तग धरीनात, तेव्हा मध्य अमेरिकेतील विलायती कीकर लावण्यात आला. आपण महाराष्ट्रात जिला वेडी बाभूळ म्हणतो, तीच ही. (नाव आपल्या लोकांनी नेमके ठेवले आहे.) त्याच सुमारास राजधानीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा इत्यादी वस्त्या उठवून तेथील लोकांना करोल बागेत वसविण्यात आले. टेकडीवर परके झाड आणि पायथ्याशी विस्थापित माणूस, अशी ही एकाच निर्णयमालिकेची दोन अपत्ये.

कीकराने रिज हिरवी केली, पण आपल्या छायेत धौ, पळस, खैर यांना वाढू दिले नाही. तो हटवून देशी वन आणावे, म्हणजे जमिनीवर पालापाचोळ्याचा व गवताचा थर साचेल आणि पाणी मुरेल, असे तज्ज्ञांचे म्हणणे. 2021 मध्ये दिल्ली मंत्रिमंडळाने मध्य रिजच्या अशा पुनरुज्जीवनास मान्यता दिली. पद्धत सरसकट तोडीची नव्हे. फांद्या छाटून प्रकाश आत येऊ द्यायचा व खाली देशी रोपे वाढवायची.

तरीही नागरिक साशंक आहेत, आणि माझ्या मते त्यांची शंका अडाणीपणाची नाही. 2018 मध्ये सरोजिनी नगरादी सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासात सुमारे 16,500 झाडे जाणार होती. लोक झाडांना बिलगले, उच्च न्यायालयाने तोड थांबविली. फेब्रुवारी 2024 मध्ये सातबारी येथे रस्त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीविना सुमारे 1,100 झाडे तोडली गेली. 2025 मध्ये न्यायालयाने तो अवमान ठरविला. कुऱ्हाड एकदा आत शिरली की ती कीकरापाशीच थांबेल, असे कोणी कशाच्या आधारे मानावे?

दुसरी बाजूही तितकीच खरी. 27 जुलै 2024 रोजी रिजच्या पायथ्याशी, करोल बागेलगतच्या जुन्या राजेंद्र नगरात, एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पाणी शिरून नागरी सेवेची तयारी करणारे तिघे विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तेथील दोष तळघराच्या बेकायदा वापराचा व तुंबलेल्या गटारांचा. रिजवर धौ असता तर ते वाचले असते, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. दिल्लीने कित्येक दशके 1976 च्या सांडपाणी-निचरा आराखड्यावर भागविले, हे त्याहून मोठे कारण.

अर्थशास्त्राच्या भाषेत, वृक्षतोडीचा खर्च आज व डोळ्यांदेखत होतो. लाभ वीस वर्षांनी, अन् तोही पायथ्याच्या अनोळखी लोकांना. असा व्यवहार केवळ विश्वासावर चालतो. तो मिळवायचा तर प्रथम जमिनीची हमी हवी. 1994 मध्ये रिजच्या 7,777 हेक्टरांसाठी वन अधिनियमाच्या कलम 4 खाली अधिसूचना निघाली. कलम 20 ची अंतिम अधिसूचना मात्र बहुतांश क्षेत्रासाठी पुढील तीन दशके निघालीच नाही. छाटणीच्या निविदेआधी ती फाइल हलावयास हवी होती.