बंबवाल्यांची रिवायत

१४ एप्रिलला डिलाईल रोडवर पाय ठेवायला जागा नसते. बीडीडी चाळींच्या मधल्या पटांगणांत निळे झेंडे लागलेले असतात, रात्री बारापासूनच ढोल-ताशे सुरू झालेले असतात. बाबासाहेबांची जयंती म्हणजे या रस्त्याचा सण. मीही दरवर्षी जातो. सलाम, जयभीम, सरबत, गप्पा.

अशाच एका जयंतीला चाळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हात धरून बाजूला बसवलं. ते अग्निशामक दलातून निवृत्त झालेले. चाळीत सगळे त्यांना ‘बंबवाले काका’ म्हणत. म्हणाले, “आजच्या तारखेला अजून एक गोष्ट झाली होती, माहीत आहे का रे? आमची सहासष्ट माणसं गेली होती.”

मला तेव्हा माहीत नव्हतं. इतिहासावर लिहिणारा म्हणवतो स्वतःला, आणि माझ्याच शहराची एवढी मोठी गोष्ट मला एका फायरमनकडून कळावी याची लाज वाटली.

गोष्ट १९४४ सालची आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आलं. महायुद्धाचे दिवस. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं होती. सोबत सोन्याच्या लगडीही होत्या. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या गेल्या. कापूस आणि स्फोटकं एका जहाजात ठेवण्यातला धोका गिरणगावातल्या कुठल्याही कामगाराला न सांगता कळला असता. कापसाच्या गाठीत आग शिरली की ती आत धुमसत राहते, वरून पाणी मारलं तरी गाभ्यात जिवंत असते.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास एका तळघरातून धूर दिसू लागला. बंब आले. ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात सोडण्यात आलं. धूर एवढा दाट होता की आग नेमकी कुठे लागली आहे हेच सापडेना. आत सोडलेलं पाणी उकळू लागलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला होता.

मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. हजारो लोक बेघर झाले. गोदीला लागून मशीद बंदर, मांडवी, डोंगरी. कोकणातून आलेले खलाशी, हमाल, गोदामांतले मजूर, छोटे व्यापारी यांची ही वस्ती. त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. अनेकांच्या घरात आजही ‘गोदीत बार झाला तेव्हा’ अशी कालगणना ऐकू येते. अमुक मामू बार झाला त्या साली जन्मले, तमुक खाला त्याच्या दोन वर्षं आधीच्या. पण युद्धाची सेन्सॉरशिप असल्यामुळे मुंबईच्या वर्तमानपत्रांना ही बातमी मोकळेपणाने छापता आली ती जवळजवळ महिनाभराने. तोवर जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती जगाला सांगूनही टाकली होती.

त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जण मारले गेले. त्यांची आठवण म्हणून देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० तारखेपर्यंत सप्ताह असतो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. तिथे फुलं वाहिली जातात, सलामी दिली जाते.

स्मारक आहे, तारीख आहे, आकडा आहे. पण त्या दुपारी होज धरून उभ्या असलेल्या आणि वाचलेल्या माणसाने काय पाहिलं? पाणी उकळायला लागलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं? या स्फोटावर मी जे काही वाचलं त्यात कप्तान आहे, साहेब आहेत, टनांचे आणि पौंडांचे हिशेब आहेत. फायरमन मात्र बहुतेक वेळा संख्येत येतो.

गिरणी कामगारांच्या बाबतीतही असंच होणार होतं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. पण मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, शाहिरांच्या, खाणावळवाल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००४ साली गिरणगावाचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आला. त्यामुळे डिलाईल रोडचा कामगार आज स्वतःच्या तोंडाने बोलतो. त्याच चाळीत, त्याच जिन्याने वरखाली करणारा फायरमन मात्र गप्पच राहिला.

बंबवाले काका गप्प राहणारे नव्हते. ते सांगत, “धूर वाचता आला पाहिजे. दाराला तळहात लावायचा नाही, मागचा हात लावायचा. दार तापलेलं असेल तर आत काय आहे ते दार उघडण्याआधीच कळतं.” काळोखात रस्ता चुकला तर खाली बसायचं आणि जमिनीवरची होज चाचपायची. जोडावरचं कपलिंग हाताला लागलं की गाडीकडची बाजू कुठली ते समजतं, तिकडे सरपटत जायचं. जुन्या लाकडी इमारतीत आगीपेक्षा आवाजाकडे लक्ष ठेवायचं. तुळई तुटायच्या आधी बोलते, असं ते म्हणत.

हे शेवटचं वाक्य मला ९ मे २०१५ला आठवलं. काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. काम चालू असताना इमारत कोसळली. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर असे चार अधिकारी मुंबईने गमावले. कुणी जागीच, कुणी इस्पितळात काही दिवस झुंजून. एवढ्या अनुभवाची चार माणसं एकदम गेली म्हणजे शंभराहून जास्त वर्षांची माहिती गेली असं मी समजतो. त्यांनी कुठल्या आगीत काय ओळखलं, कधी माघार घेतली, कधी चुकले, ते त्यांच्याबरोबर गेलं.

डिलाईल रोडच्या हाकेच्या अंतरावर कमला मिल आहे. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर तिथे गच्चीवर आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. चौकश्या झाल्या, अहवाल आले. पुढच्या जुलैत डिलाईल रोडचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला. नवा पूल पूर्ण सुरू व्हायला २०२३चा नोव्हेंबर उजाडला. या पाच वर्षांत वर्दी आली की बंब कुठून वळवायचा, कुठल्या गल्लीत गाडी अडते, कुठले फेरीवाले स्वतःहून हातगाडी बाजूला घेतात, हे ड्रायव्हरला ठाऊक असणार. अहवालात हे कशाला येईल?

अशा गोष्टींचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. त्याला एक परदेशी उदाहरण सांगतो. ५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेतलं मोंटाना राज्य, मान गल्च नावाची दरी. वणवा विझवायला विमानातून उतरलेल्या जवानांच्या मागे गवताची आग लागली. ती माणसाच्या धावण्यापेक्षा वेगवान होती. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज अचानक थांबला, त्याने काडी ओढून पुढचं गवत पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेच्या राखेत पालथा पडून राहिला. जळलेलं पुन्हा जळत नाही. त्याने बाकीच्यांना हाका मारल्या, पण कुणाला त्याचं करणं कळलंच नाही. सगळे पळत सुटले. १३ जण मेले. डॉज वाचला, आणि दोन पोरं खडकांच्या फटीतून निसटून वाचली. डॉजने नंतर चौकशीत सांगितलेली ही युक्ती पुढे वणवा विझवणाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाली. तो सांगायला जिवंत राहिला, आणि त्याचं सांगणं कुणीतरी लिहून घेतलं, म्हणून.

वणवा विझवणाऱ्यांना स्वतःच्या अनुभवाची दोन-चार मिनिटांची चित्रफीत करायला छोटी छोटी अनुदानंही देता येतील. कॅमेरा त्यांच्या हाती, शब्द त्यांचे, आवाज त्यांचा. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकापासून सामान्य माणसांना अशा डिजिटल गोष्टी करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा चालत आल्या आहेत.

आपल्याकडेही वणवे आहेतच. मेळघाटात, ताडोब्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तो कधी हाताबाहेर जातो. वनमजूर आणि हंगामी अंगारी जाळरेषा काढतात, ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. चार महिन्यांची रोजंदारी, त्यानंतर कोण कुठे. गोदीतल्या ६६ जणांना निदान स्मारक तरी आहे. या माणसांना तेही नाही.

मला या सगळ्यात आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. हदीस जमवणाऱ्यांनी केवळ ‘पैगंबर असं म्हणाले’ एवढ्यावर समाधान मानलं नाही. कुणी ऐकलं, त्याने कुणाला सांगितलं, तो माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, अशी पूर्ण साखळी मागितली. तिला सनद म्हणतात आणि सांगणाऱ्याला रावी. हजारो रावींची चरित्रं लिहिली गेली. त्यांत सरदार आहेत तसे गुलाम आहेत, विणकर आहेत, बायका आहेत. सामान्य माणसाचं सांगणंही नीट तपासून घेतलं तर ज्ञान ठरतं, ही शिस्त आपल्या पूर्वजांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी घातली. आगीत मरण आलेल्याला शहिदाचा दर्जा आहे असंही हदीस सांगते. शहिदाच्या दर्ग्यावर चादर चढवण्यात आपण मागे राहत नाही. त्याच्या साथीदारांकडून रिवायत घ्यायची मात्र राहून जाते.

त्यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. एक बरा फोन, एक माईक, ऐकायला बसणारं चाळीतलं पोर, ते शब्दन् शब्द उतरवून घेणाऱ्याचं मानधन. नोकरीत असलेल्यांना परवानगीशिवाय बोलता येत नाही, म्हणून सुरुवात निवृत्तांपासून. दोन अटी मात्र असाव्यात. गोष्ट ज्याची, तिच्यावर हक्क त्याचा. आणि त्याने ‘हे काढून टाका’ म्हटलं की ते काढायचं. उत्सव मंडळं एका रात्रीच्या रोषणाईवर खर्च करतात त्यातल्या तुकड्यात हे होईल. आपल्या ट्रस्टांनाही हात घालायला हरकत नाही. ज्याचा लोकांना उपयोग होत राहतो ते ज्ञान मागे ठेवणं हा सदका-ए-जारिया आहे. त्यातून उद्या एखाद्या पोराचा जीव वाचला तर याहून मोठं पुण्य कोणतं?

आणि हे लवकर करायला हवं. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. ज्या पटांगणात काकांनी मला बसवलं होतं, तिथले शेजारी आता पांगले आहेत. नव्या इमारतीत ते परत येतीलही, पण म्हातारी माणसं तेवढी वाट बघतीलच असं नाही.

काकांनी बघितली नाही. मी त्यांना म्हणालो होतो की एकदा निवांत बसून सगळं रेकॉर्ड करू. पुढच्या रविवारी, मग रमजाननंतर, मग पावसाळा संपल्यावर. माझ्या जुन्या फोनमध्ये त्यांची फक्त अकरा मिनिटं आहेत, तीही जयंतीच्या ढोलांच्या आवाजात. दार, होज, तुळई, एवढंच त्यात आलं आहे. गोदीचा विषय काढून “ते सांगतो तुला पुढच्या वेळी” असं म्हणून ते थांबतात. त्यांच्या दलातल्या उस्तादाने, ज्याने ती दुपार स्वतः पाहिली होती, त्यांना काय सांगितलं होतं ते मला आता कळणार नाही. साखळीतली एक कडी माझ्या हातातच तुटली.

काकांचे दोन सहकारी अजून याच परिसरात आहेत. येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे, फोन पूर्ण चार्ज करून. तुमच्या इमारतीत, मोहल्ल्यात कुणी बंबवाला असेल तर तुम्हीही जा. चहा मागवा, आणि त्यांना बोलू द्या.