शंकेची पाल आणि लाकडाची पेटी

आपल्याकडे पाल कुणी पाळत नाही, ती आपणहून राहते. भाडं न देता, ट्यूबलाइटच्या मागे. चुकचुकली की मनात शंका, अंगावर पडली की पंचांगात फळ बघायचं. त्यामुळे इथे द हेगमध्ये आमच्या आठ वर्षांच्या कन्येनं पाल पाळायची म्हणून हट्ट धरला आणि मी तिच्यासाठी लाकडाची पेटी बांधायला घेतली, हे ऐकून आईचा फोनवरचा प्रश्न रास्तच होता: "अरे, पण ती तर फुकट येते ना?"

ही पाल भिंतीवरची नव्हे. हिचं नाव लेपर्ड गेको. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, बोटांना चिकट गाद्या नाहीत म्हणून भिंतीवर चढता येत नाही, आणि चक्क पापण्या मिटता येतात. मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताकडची, आता युरोपात पिढ्यान् पिढ्या पेट्यांमध्येच वाढलेली. तिची एक सख्खी बहीण, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या माळांवर दगडांखाली राहते. म्हणजे नात्यातलंच प्रकरण!

सुतारकामात मी अगदी नवशिका. पीएचडीत स्क्रू पिळायला शिकवत नाहीत. पण पेटीचं चित्र कागदावर काढताना लक्षात आलं की लाकूड कापणं हा यातला सोपा भाग. खरा प्रश्न उष्णतेचा. बाहेर डच हिवाळा, खोलीत 18 अंश आणि आत माळरान हवं. मग सवयीप्रमाणे हा प्रश्न आधी कुणी सोडवला ते शोधायला बसलो, आणि पहिला माणूस निघाला डचच.

कॉर्नेलिस ड्रेबेल, जन्म 1572, गाव आल्कमार. धंद्यानं तांब्यावर चित्रं कोरणारा, वृत्तीनं इंजिनिअर. डच प्रजासत्ताकाची स्टेट्स जनरल ही सभा इथेच द हेगमध्ये भरायची. तिच्याकडून त्यानं 1598 मध्ये पाण्याचा पंप आणि एका घड्याळासाठी पेटंट मिळवलं होतं. पुढे तो इंग्लंडला गेला. (परदेशात स्थायिक झालेला इंजिनिअर! मला हा माणूस इथपासूनच आवडला.) थेम्स नदीत पाण्याखालून चालणारी नाव चालवून दाखवली म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण माझ्या कामाची त्याची दुसरी युक्ती: अंडी उबवण्याची पेटी. खाली विस्तव, आत अंड्यांची जागा, भोवती पाण्याचं वेष्टण. या पेटीत त्यानं अल्कोहोल भरलेलं एक भांडं ठेवलं, त्याला जोडलेल्या नळीत पारा. पेटी जास्त तापली की अल्कोहोल प्रसरण पावून पाऱ्याला ढकलायचं, पारा एक दांडी उचलायचा आणि दांडी धुराड्याची झडप बंद करायची. हवा कमी, विस्तव मंद. गार झालं की उलट. माणसाचा हात न लागता तापमान राखणारं हे बहुधा पहिलं यंत्र. द हेगचा कवी आणि मुत्सद्दी कॉन्स्टांटाइन हायगेन्स (शनीचं कडं ओळखणाऱ्या ख्रिस्तियानचे वडील) लंडनमध्ये ड्रेबेलला भेटला होता आणि त्याच्यावर बेहद्द खूश होता. आज मी ज्याला थर्मोस्टॅट म्हणून बाजारातून डबीत आणतो, त्याचा हा पणजोबा.

पेटीचा दुसरा पूर्वज लंडनचा. 1829 मध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोष बघायला ओली माती घालून बाटली बंद करून ठेवली. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून नेचं उगवलं आणि बाहेरच्या धुरकट हवेत मरणारी रोपं आत जगतात असं दिसलं. त्यातून लाकडी चौकटीच्या, काचेच्या 'वॉर्डच्या पेट्या' आल्या. 1833 मध्ये अशा पेट्यांतून रोपं जिवंतपणे ऑस्ट्रेलियाला पोहोचली. मग साम्राज्यांना पेटीचं महत्त्व कळलं. रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तो याच पेट्यांतून, आणि डचांनी 1850 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतला सिंकोना, म्हणजे क्विनीनचं झाड, जावात नेला. हवामान पेटीत बंद करून बोटीवर चढवता येतं, ही कल्पना तेव्हा भलतीच फायद्याची ठरली.

झाडांपाठोपाठ प्राणी आले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडलं. द हेगलाही 1863 मध्ये स्वतःचं प्राणिसंग्रहालय झालं. ते 1943 मध्ये संपलं, कारण जर्मनांना अटलांटिक वॉलच्या तटबंदीसाठी ती जागा हवी होती. आज तिथे दक्षिण हॉलंड प्रांताचं सरकारी कार्यालय उभं आहे. कामानिमित्त तिकडून सायकलनं जातो तेव्हा प्राण्यांची काहीच खूण दिसत नाही.

पण ड्रेबेल आणि वॉर्ड या दोघांच्याही विचारात एक गोष्ट समान होती: आत एकच चांगलं हवामान तयार करायचं आणि ते टिकवायचं. अंड्याला ते चालतं. अंडं हलत नाही. रोपही हलत नाही. पाल हलते!

हा फरक नीट मोजून दाखवला तो 1944 मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी. वाळवंटातल्या सरड्यांची तापमानं घेऊन त्यांनी दाखवलं की 'थंड रक्ताचा' हा प्राणी हवेचं तापमान निमूटपणे सोसत बसत नाही. उन्हात येतो, सावलीत जातो, बिळात शिरतो, आणि असं हिंडून आपलं शरीर हव्या त्या तापमानाच्या आसपास ठेवतो. म्हणजे थर्मोस्टॅट हा प्राणी स्वतःच आहे. त्याला एक बरोबर आकडा नको असतो, त्याला निवड हवी असते. पेटीतला प्राणी आजारी पडतो तो पुष्कळदा पेटी गार असते म्हणून नव्हे, तर पेटी सगळीकडे सारखी असते म्हणून.

हे वाचल्यावर माझं चित्र बदललं. पेटी ठरली 120 सेंटीमीटर लांब, 60 खोल, 60 उंच. लांबी मुद्दाम जास्त, कारण लांबीतच ऊन आणि सावली मावतात. उष्णतेचा दिवा एका टोकाला, त्याखाली स्लेटची पाटी. ही पाल संध्याकाळी बाहेर पडते आणि तापलेल्या दगडावरून पोटानं ऊब घेते. पाटीवर 32 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला 24, आणि दोन्हीकडे लपायला जागा. एकच लपण असेल तर बिचारीला ऊब किंवा सुरक्षितता यातलं एकच निवडावं लागतं.

बाकी गोष्टी सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होवो. प्लायवूड 18 मिलिमीटर, दुकानातच मापात कापून घ्यावं. समोर 4 मिलिमीटर काचेची सरकती दारं. आत दिव्याच्या उष्णतेसकट सरासरी 26 अंश धरले तर माझ्या ढोबळ हिशोबानं अशा पेटीतून सुमारे 80 वॅट बाहेर जातात. तीच पेटी सगळी काचेची असती तर 110. लाकडाचा फायदा तो हा. हवेसाठी गरम बाजूला वर आणि गार बाजूला खाली जाळी, म्हणजे गरम हवा वर निघते आणि ताजी खालून येते. दिव्याचं होल्डर सिरॅमिकचं, दिव्याभोवती तारेचा पिंजरा, लाकडापासून अंतर. कडेचे सांधे सिलिकॉननं बंद, वॉर्निश पाण्यातलं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी. आणि दाराला कुलूप. 1852 मध्ये लंडनच्या त्या सर्पगृहातला रखवालदार नागाला हातात घेऊन खेळ करायला गेला आणि दंश होऊन मेला. आमची पाल निरुपद्रवी आहे, पण पेटीचं दार हे दोन्ही बाजूंच्या भल्यासाठी असतं.

आता उरला मोठा प्रश्न: ठेवावी का? 2007 मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरची सायटीस परिषद याच द हेगमध्ये भरली होती. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात तानाजीच्या दंतकथेतली घोरपडही आहे. रानातला प्राणी पकडून पेटीत घालणं मला मान्य नाही, कायदा असो वा नसो. पेटीतच जन्मलेल्या प्राण्याचं उत्तर वेगळं असू शकतं, पण त्याची अट कडक आहे. रानात तो स्वतः ऊन शोधतो. पेटीत आपण दिलं नाही तर ऊन कुठेच नसतं. पंधरा-वीस वर्षं जगणाऱ्या जिवासाठी हे रोजचं काम आहे.

म्हणून घरात नियम केला आहे. पेटी आधी महिनाभर रिकामी चालवायची, तीन ठिकाणी तापमापक लावून. कन्या रोज सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे लिहिते. एक दिवस चुकला तर महिना पुन्हा पहिल्यापासून. आज अकरावा दिवस. गार टोक 24.5, गरम टोक 31.8. वही तिच्या हस्ताक्षरात आहे आणि अजून एकही रकाना कोरा नाही.