तळटीप: दोन वर्गांच्या पात्राचे मंत्र

* ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांनुसार पाच पातळ्या पॅलाडिनच्या आणि तीन सॉर्सररच्या असलेले हे पात्र. मंत्र टाकण्याचे स्लॉट मोजताना पॅलाडिनच्या पातळ्या निम्म्या धरायच्या, अपूर्णांक सोडायचा, सॉर्सररच्या पूर्ण. दोन अधिक तीन, पाच. अशा पात्रांच्या स्लॉटच्या तक्त्यात पाचव्या ओळीला पहिल्या स्तराचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्लॉट आहेत. मंत्र मात्र प्रत्येक वर्गाचे स्वतंत्र, जणू दुसरा वर्ग नाहीच, असे ठरतात; म्हणून तिसऱ्या स्तराचा एकही मंत्र या पात्राला येत नाही. नवा खेळाडू हमखास इथेच अडतो. पण ते स्लॉट वाया जात नाहीत, त्यांतून खालच्या स्तराचा मंत्र टाकता येतो आणि पुष्कळदा तो अधिक प्रभावी ठरतो. वॉरलॉक या वर्गाचे स्लॉट या बेरजेबाहेर. २०२४च्या नियमांत पॅलाडिनचा अपूर्णांक वर घेतात. मग हेच पात्र सहाव्या ओळीवर जाते. — संपादक