नांदूर-शिंगोट्याचा भागोजी नाईक

सत्तावनच्या युद्धाची गोष्ट निघाली की झाशी व कानपूर ही नावे सहज ओठांवर येतात. सिन्नर तालुक्यातील भिल्लांचे नाव क्वचितच निघते. वस्तुतः त्यांची झुंज दोन वर्षांहून अधिक काळ चालली. भागोजी नाईक पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होता. नाशिकचा स्वतंत्र जिल्हा 1869 साली झाला, तोवर हा मुलूख नगरकडेच असे. दंगा व पोलिसांस अटकाव या आरोपांवरून 1855 साली त्यास कैद झाली. सुटल्यावर वर्षभराचा जामीन द्यावा लागला. ती मुदत सरते न सरते तोच शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम सुटला. भागोजीने गाव सोडले आणि सुमारे पन्नास भिल्लांनिशी पुणे-नाशिक रस्त्यावर ठाण मांडले. 4 ऑक्टोबर 1857 रोजी चालून आलेला पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री तेथेच पडला.

इंग्रजांच्या लेखी हा केवळ दंगा! परंतु त्यासाठी त्यांना सह्याद्रीतील कोळ्यांची खास पलटण उभारावी लागली. डोंगरच्या लोकांवर डोंगरचेच लोक घालण्यात आले. अखेर 11 नोव्हेंबर 1859 रोजी सिन्नर तालुक्यातच, मिठसागरे येथे, सूटरच्या तुकडीशी लढताना भागोजी मारला गेला.