दान्सोन

दान्सोन : क्यूबाचा राष्ट्रीय नृत्यप्रकार मानला जाणारा, स्त्री-पुरुषांच्या जोडीने करावयाचा संथ, डौलदार नाच आणि त्यासाठी रचलेले वाद्यसंगीत. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील मातान्सास हे त्याचे जन्मगाव. साखरेवर आणि गुलामांच्या राबण्यावर गबर झालेल्या या बंदरात, लिसेओ या क्लबच्या सभागृहात, १ जानेवारी १८७९ रोजी कॉर्नेटवादक मिगेल फाइल्दे (१८५२–१९२१) याच्या वाद्यवृंदाने ‘लास आल्तुरास दे सिम्प्सोन’ ही रचना वाजवली. सिम्प्सोन ही त्याच शहरातील वस्ती. हाच पहिला दान्सोन, असे परंपरा सांगते. नाव मात्र त्याआधीही प्रचारात होते. कमानी व फुलांचे गुच्छ हाती घेऊन अनेक जोड्या मिळून जो सामूहिक नाच करीत, त्याला ते लावत. फाइल्देने ते एकेकट्या जोडीच्या नाचाला मिळवून दिले.

घराणे पाहू गेल्यास हा नाच मिश्रवंशीय आहे. इंग्लंडमधील ग्रामीण नाच फ्रान्समार्गे स्पेनमध्ये आणि तेथून क्यूबात पोचला. हैतीतील उठावानंतर (१७९१–१८०४) पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी व त्यांच्या गुलामांनी तोच नाच पूर्व क्यूबात आणला. त्यातून कोन्त्रादान्सा, दान्सा आणि हाबानेरा हे प्रकार झाले. ठेका आफ्रिकी वळणाचा आणि जोडी एकमेकांच्या मिठीत, एवढ्यावरून हवानाच्या पत्रकर्त्यांनी दान्सोनला असभ्य ठरवले. आजच्या डोळ्यांना या नाचाइतके सोवळे दुसरे काही दिसणार नाही.

संगीत दोन मात्रांच्या मापात असते. ‘सिन्कीयो’ हा त्याचा प्राण: एका मापात पाच आघात, दीर्घ-ऱ्हस्व-दीर्घ-ऱ्हस्व-दीर्घ, पुढचे माप बरेचसे सरळ, आणि पुन्हा तेच. आरंभीचा ‘पासेओ’ आठ मापांचा, तो दोनदा वाजतो. त्यानंतर क्लॅरिनेटचा किंवा बासरीचा भाग, पुन्हा पासेओ, मग व्हायोलिनचा भाग. पासेओ मुखड्यासारखा परतून येत राहतो. खरी गंमत इथेच आहे. पासेओ वाजत असताना कोणी नाचत नाही. जोड्या फिरतात, थांबतात, बोलतात. स्त्रिया पंखे हलवतात. उकाड्याच्या देशाला शोभेलशी ही सोय असली, तरी नर्तकाची परीक्षाही त्यातच होते: पासेओ संपताक्षणी पहिले पाऊल नेमके पडले पाहिजे. ज्याला थांबता येत नाही, त्याला दान्सोन येत नाही.

सुरुवातीच्या वाद्यवृंदात कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, व्हायोलिन, डबल बास, दोन नगारे आणि वाळक्या भोपळ्याच्या खाचांवर काडी घासून वाजवायचे ‘गुइरो’ असे. विसाव्या शतकात पितळी वाद्ये मागे पडली आणि बासरी, व्हायोलिन व पियानोचा ‘चारांगा’ हा हलका ताफा रूढ झाला. त्यात पियानो रुजवण्याचे श्रेय आन्तोनियो मारिया रोमेऊला जाते.

रचनेतील सर्वांत मोठा बदल शेवटाकडे घडला. १९१० मध्ये होसे उर्फेने ‘एल बोम्बिन दे बार्रेतो’त अखेरचा भाग ‘सोन’ या लोकसंगीताच्या चालीवर चढवला. १९२९ मध्ये मातान्सासच्याच आनिसेतो दियासने गायनाची जोड देऊन ‘दान्सोनेते’ काढला. १९३८ मध्ये ओरेस्तेस लोपेसने ‘माम्बो’ नावाचा दान्सोन लिहिला. तो व त्याचा भाऊ काचाओ आन्तोनियो आर्कान्योच्या ताफ्यात होते. दान्सोनची शेपटी अशी वाढत गेली आणि अखेर अंगापेक्षा मोठी झाली. माम्बोची वाट तेथूनच फुटली. १९५०च्या दशकारंभी दान्सोन वाजवणाऱ्या ताफ्यातीलच व्हायोलिनवादक एन्रीके होर्रीन याने चा-चा-चा रुळवला. या दोहोंपुढे मूळ नाच क्यूबात जुन्या पिढीचा ठरला.

मेक्सिकोने मात्र तो सोडला नाही. युकातान आणि व्हेराक्रुसमार्गे तो तिकडे गेला, १९२० मध्ये सुरू झालेल्या सालोन मेहिको या नृत्यगृहात स्थिरावला, आणि व्हेराक्रुसच्या चौकात तो आजही नाचला जातो. मेक्सिकन संगीतकार आर्तुरो मार्केसची ‘दान्सोन क्र. २’ (१९९४) ही वाद्यवृंदरचना जगभर वाजते. पण ती मैफलीची रचना आहे, नाचाची नव्हे. मूळ चव हवी असेल, तर वाचकाने आबेलार्दो वाल्देसच्या ‘आल्मेन्द्रा’पासून सुरुवात करावी.